आधी मृत्यूच्या खिडकीकडे बघा: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

विषय: महामारीनंतर सार्वजनिक आरोग्य खात्याची फेररचना आणि त्यात मृत्यूच्या नोंदीची जागा

महोदय,

स.न.वि.वि.

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. मुंबईतल्या एका वॉर्डच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर ३१ वर्षं बसले आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. लालबागला राहते. माझ्या हातून किती नोंदी झाल्या याचा हिशेब मी कधी ठेवला नाही, पण नोंदीतला एकही रकाना डोळे झाकून भरला नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगते. कोविडनंतर आरोग्य खातं कसं असावं यावर समित्या बसल्या, अहवाल आले, हजारो कोटींच्या योजना जाहीर झाल्या. मी ते सगळं मिळेल तसं वाचते. त्यात प्रयोगशाळा आहेत, खाटा आहेत, लसी आहेत. आमच्या खिडकीबद्दल दोन शब्द आले तर आले. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

आमचं काम बाहेरून साधं दिसतं. दवाखान्यात माणूस गेला की तिथून दोन कागद येतात. नमुना २ म्हणजे मृत्यूचा अहवाल. त्यात नाव, वय, पत्ता, तारीख. नमुना ४ म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. घरी गेलेल्या माणसासाठी नमुना ४ अ. सगळा जीव या दुसऱ्या कागदात असतो. त्याच्या भाग १ मध्ये एकाखाली एक तीन ओळी आहेत. पहिल्या ओळीत माणूस शेवटी कशानं गेला, दुसरीत ते कशामुळे झालं, तिसरीत त्याच्याही मुळाशी काय होतं. भाग २ मध्ये मधुमेह, रक्तदाब असे जोडीचे आजार. शेवटच्या श्वासापासून एकेक पायरी मागे जात मूळ दुखण्यापर्यंत पोचायचं, अशी त्या कागदाची रचना आहे. क्षयानं किती गेले, बाळंतपणात किती गेल्या, डेंग्यूनं किती, हे सगळं त्या खालच्या ओळीवरून ठरतं.

खात्यात नवीन मुलगी आली की मी तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायचे. वरच्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ आणि खालच्या दोन ओळी कोऱ्या, असा कागद आला तर तो बाजूला काढ आणि साहेबांपुढे ठेव. हृदय आणि श्वास सगळ्यांचेच बंद पडतात. ते मरणाचं वर्णन झालं, कारण नव्हे.

माझ्या टेबलावर दोन ट्रे असायचे. एकात दवाखान्यांतले कागद, दुसऱ्यात घरचे. घरचा ट्रे एरवी दिवसभरात बूड झाकेल एवढाच भरायचा. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात तो दुपारच्या जेवणाआधीच भरायला लागला. खाट मिळेपर्यंत म्हणून घरी ठेवलेले, रिक्षातून दवाखाना शोधत फिरताना गेलेले, पहाटे उठवायला गेलं तर गार पडलेले. नमुना ४ अ वर फॅमिली डॉक्टरची सही आणि कारणाच्या ओळीत ‘वार्धक्य’. वय बघावं तर ५२. आम्ही ते कागद खिडकीशी येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात तासभर पसरून ठेवायचो आणि मग हातात घ्यायचो. माझी सहकारी प्रत्येक गठ्ठ्यावर कापराची वडी ठेवायची. वास अजून नाकात आहे.

त्या ट्रेकडे बघून मला जे कळत होतं, ते देशाला कळायला चार वर्षं लागली. २०२१ मध्ये भारतात किती मृत्यू नोंदले गेले याचा अधिकृत अहवाल मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा होता सुमारे १ कोटी २ लाख. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, तो सुमारे ८१ लाख होता. एका वर्षात जवळपास २१ लाखांची वाढ. हे सगळे कोविडचे होते असं मी म्हणत नाही. नोंदणी दरवर्षी थोडी सुधारते, तिचाही त्यात वाटा असतो, हे मला या धंद्यातली बाई म्हणून माहीत आहे. पण त्या वर्षाच्या अखेरीस कोविडचे म्हणून अधिकृतपणे मोजलेले मृत्यू, दोन्ही वर्षं मिळून, पाच लाखांच्या आत होते. मधल्या फरकात कोण कोण आहे? जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये या दोन वर्षांतल्या जादा, म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेल्या, मृत्यूंचा अंदाज ४७ लाख सांगितला तेव्हा आपल्या सरकारनं त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा हक्क आहेच. पण आपल्या दफ्तरातला २०२१ चा आकडा त्याच महिन्यात टेबलावर ठेवता आला असता, तर परक्याच्या अंदाजाशी वाद घालायची वेळ आली नसती.

आता माझ्या घरचं सांगते.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणायचो, १९ एप्रिल २०२१ ला पॉझिटिव्ह आला. तीन दिवस खाट शोधली, चौथ्या दिवशी उपनगरातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये मिळाली. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी झाली, ती निगेटिव्ह. वहिनीनं देवापुढे साखर ठेवली. पण फुप्फुसं कामातून गेली होती. ११ मे ला दादा गेला. पहिल्या रिपोर्टपासून बाविसाव्या दिवशी.

नर्सिंग होमच्या काउंटरवर माझ्या हातात नमुना ४ पडला. वरच्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’. खालच्या दोन ओळी कोऱ्या. मी त्या तरुण डॉक्टरला म्हटलं, हे कारण नाही, खाली कोविड न्यूमोनिया लिहा. तो थकून गेला होता, डोळे लाल झालेले. म्हणाला, "मॅडम, शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. आणि कोविड लिहिलं तर बॉडी तुमच्या ताब्यात मिळणार नाही." वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला दादाला एकदा घरासमोरून न्यायचं होतं, बस. मी तो कागद मोबाइलमध्ये टिपून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. इतकी वर्षं लोकांचे असे कागद बाजूला काढणारी मी, त्या दिवशी गप्प बसले.

पुढे ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि सप्टेंबरमध्ये तुमच्याच मंत्रालयानं नियम केला की पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू कोविडचा धरायचा. वहिनीनं अर्ज केला, समितीपुढे कागद मांडले, ५० हजार रुपये मिळाले. नोंदवहीतली दादाची ओळ मात्र आहे तशीच राहिली. म्हणजे पैशाच्या हिशेबात दादा कोविडनं गेला, देशाच्या हिशेबात तो हृदय बंद पडून गेला. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीत एकट्या महाराष्ट्रातून दोन लाखांहून जास्त अर्ज होते आणि राज्याचा तेव्हाचा अधिकृत मृत्यूंचा आकडा दीड लाखाच्या आत होता. दादासारखे किती असतील ते त्या दोन आकड्यांमध्ये दिसतं.

एक मुलगा मला आठवतो, वीस-बावीस वर्षांचा. वडिलांच्या दाखल्याच्या पाच प्रती न्यायला आला होता, बँक, विमा, गावची जमीन अशा कामांना. दाखला उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "यात पप्पा कशानं गेले ते कुठे लिहिलंय?" मी सांगितलं की ते दाखल्यावर लिहीत नाहीत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार नोंदवहीचा उतारा देताना मृत्यूचं कारण उघड करता येत नाही. घराण्याची अब्रू, रोगाची लाज, अशा विचारानं ते कलम आलं असेल. त्या मुलाला ते पटलं नाही. मलाही त्या दिवशी पटवून देता आलं नाही. २०२३ च्या दुरुस्तीनं आता दवाखान्यानं कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. हे फार बरं झालं. ती खरोखर दिली जाते का, हे बघणारं माणूस मात्र कुणीतरी नेमायला हवं.

महोदय, आमच्या मुंबईनं साथी पुष्कळ बघितल्या आहेत. धोबी तलावला मेट्रो सिनेमाजवळ डॉ. अकासियो व्हिएगस यांचा पुतळा आहे. रोज हजारो माणसं त्याच्यासमोरून जातात, बहुतेकांना तो कोणाचा हे ठाऊक नसतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या रोग्यांना बघून हा प्लेग आहे असं उघडपणे म्हणणारा तो माणूस. त्यानं ते नाव घेतलं म्हणून जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आज परळला त्यांच्या नावाची संस्था उभी आहे. कुणीतरी रोगाचं नाव वेळेवर आणि मोठ्यानं घेतल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

त्याच साथीत सरकारनं दुसरीही वाट धरली. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. मूळची अवघी चार कलमं, सगळी अधिकारांची आणि शिक्षेची. पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी घरात घुसून जे केलं त्यातून रँडचा वध झाला, हा इतिहास महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. एकीकडे कायद्याचा बडगा, दुसरीकडे पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी बाई. १२३ वर्षांनी कोविड आला तेव्हा आपण पुन्हा तोच कायदा बाहेर काढला. त्यात मृत्यू मोजण्याचं कर्तव्य कुणावरही नाही, माहिती जाहीर करण्याचं तर नाहीच.

आणि तरी त्या काळातली एक गोष्ट मला थक्क करते. १९१८ च्या इन्फ्लुएंझात, ज्याला लोक मुंबईचा ताप म्हणायचे, ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. संगणक नव्हता, टेलिफोन मोजक्या घरांत. कुणीतरी माझ्यासारखा कारकून दौतीत टाक बुडवून एकेक नाव लिहीत बसला होता म्हणून तो आकडा आज शंभर वर्षांनीही आपल्या हातात आहे. आपल्या हातात मोबाइल असताना आपण २०२१ चा हिशेब २०२५ ला देतो.

असं का होतं, ते मी माझ्या टेबलावरून पाहिलं आहे. मुंबईत मृत्यूची नोंद महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, राज्यात आरोग्य खात्याकडे. दिल्लीला पोचली की ती गृह मंत्रालयाखालच्या रजिस्ट्रार जनरल कार्यालयाची होते. तुमचं मंत्रालय रोग बघतं, मरण दुसऱ्याच मंत्रालयात मोजलं जातं. मधे कितीतरी पायऱ्या, प्रत्येक पायरीवर तपासणी, सही, थांबणं. वैद्यकीय कारण लिहिलेले मृत्यू तर २०२० मध्ये नोंदलेल्या एकूण मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्के होते. बाकीची माणसं कशानं गेली, हे कोणाच्याच दफ्तरात नाही. आणि उरलेल्या २२ टक्क्यांत दादाच्या कागदासारखे कागद आहेत.

आरोग्य हा राज्यांचा विषय आहे असं उत्तर संसदेत अनेकदा ऐकलं. आरोग्य कर्मचारी किती गेले असं विचारलं तेव्हाही हेच उत्तर होतं. पण राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत २९ वी नोंद एका राज्यातून दुसऱ्यात पसरणाऱ्या रोगांची आहे आणि तिच्या लगेच खाली ३० वी नोंद जन्म-मृत्यू नोंदणीची आहे. घटना लिहिणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींत केंद्राला जबाबदारी दिली. यापेक्षा अधिक स्पष्ट काय हवं?

२० जुलै २०२१ ला राज्यसभेत सांगितलं गेलं की ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची वेगळी माहिती राज्यांनी कळवलेली नाही. त्याच्या तीनच महिने आधी, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि किमान बावीस माणसं गेली. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. ते उत्तर ऐकून मी खूप वेळ बसून राहिले. कारण मला कळत होतं की ते उत्तर देणाऱ्यापुढे खरोखर कागद नसेल. नमुना ४ मध्ये ‘ऑक्सिजन संपला’ असं कोणता डॉक्टर लिहील आणि कोणत्या ओळीत? जे आमच्या खिडकीवर लिहिलं जात नाही, ते संसदेत सांगता येत नाही. म्हणून सुधारणा इथून सुरू करा, असं मी म्हणते.

दुसऱ्या देशांनी काय केलं तेही बघा. २००३ मध्ये कॅनडात सार्सनं ४४ माणसं गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था उभी केली. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्सची १८६ जणांना लागण झाली, ३८ गेले. रोग रुग्णालयांतूनच पसरत होता आणि सरकारनं सुरुवातीला त्या रुग्णालयांची नावं लोकांना सांगितली नाहीत. लोक संतापले. मग त्यांनी कायदा बदलून माहिती देणं सरकारवर बंधनकारक केलं, रोग नियंत्रण संस्थेच्या प्रमुखाचा हुद्दा वाढवला आणि २०२० मध्ये तिला स्वतंत्र संस्थेचा दर्जा दिला. अडतीस माणसांसाठी एवढं केलं. इंग्लंडनं मात्र ऐन साथीत, ऑगस्ट २०२० मध्ये, आपली जुनी संस्था मोडून नवी आणत असल्याचं जाहीर केलं. दारावरची पाटी नवी लागली म्हणजे आतलं काम बदललं असं होत नाही. आपल्याकडेही पाट्याच बदलल्या जातील ही माझी खरी भीती आहे. तरी इंग्लंडमध्ये एक गोष्ट साथीतही थांबली नाही: दर आठवड्याला किती मृत्यू नोंदले गेले तो आकडा ठरल्या दिवशी बाहेर येत राहिला आणि कुणालाही बघता येत होता.

मुंबईनं बरंही केलं, तेही लिहिलं पाहिजे. १६ जून २०२० ला राज्यानं फेरतपासणी करून आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे होते. त्या रात्री बातम्यांत ‘मुंबईत मृत्यूंचा स्फोट’ असं चाललं होतं. आम्हा खिडकीवरच्या बायकांना मात्र हायसं वाटलं. राहिलेली माणसं हिशेबात आली. चूक कबूल करून आकडा वाढवायला छाती लागते आणि ती कुणीतरी दाखवली. त्याच महिन्यात २४ वॉर्डांत २४ वॉर रूम झाल्या, खाटेचा निर्णय वॉर्डात होऊ लागला. धारावीत जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं, संडास सामायिक, घर म्हणजे दहा बाय दहाची खोली. रोगी आपण होऊन येईल याची वाट न बघता घरोघर जाऊन तो शोधला म्हणून तिथे साथ आवरली. दिल्लीत बसून धारावीतली गल्ली दिसत नाही. ती गल्ली जिला दिसते तिच्या हातात अधिकार गेला, तिथे काम झालं.

ती गल्ली ज्यांना दिसते त्या आमच्या आरोग्य सेविका. आमच्या चाळीत एक आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा तिच्याकडे एक ऑक्सिमीटर, एक तापमापक गन आणि एक दोनशे पानी वही होती. ती वही मी पाहिली आहे. प्रत्येक पानावर खोली नंबर, माणसं किती, ताप, ऑक्सिजन. काही ओळींपुढे ‘कुलूप’, काही ओळींपुढे ‘गावी’. दोन महिन्यांनी तीच ‘गावी’ची माणसं शोधत ती पुन्हा दार ठोठावत होती. त्यांतल्या तिघांपुढे तिनं लाल पेननं लिहिलं होतं, ‘गावी वारले’. कायद्यानं मृत्यू जिथे होतो तिथे नोंदतात, म्हणून आमच्या वहीत ती तीन माणसं नाहीत. रत्नागिरीच्या कुठल्या ग्रामपंचायतीत असतील किंवा नसतील. पण एका बाईच्या दोनशे पानी वहीत ती आहेत. तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. तिच्या त्या वहीचं पुढे काय झालं असं विचारलं तर म्हणाली, "ताई, मोहीम संपली, वही माझ्याकडेच आहे. कुणी मागितलीच नाही." कपाटात गौरीच्या साड्यांखाली ठेवली आहे.

साथ ओसरली, जंबो कोविड केंद्रं उतरवली, कंत्राटावर घेतलेल्या परिचारिका, डेटा ऑपरेटर, वॉर्डबॉय आपापल्या घरी गेले. त्यांच्याबरोबर त्यांना जे येत होतं तेही गेलं. पुढच्या साथीला आपण पुन्हा जाहिरात काढू आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवू.

सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाचा अहवाल आला. साथ आल्यावर पहिल्या १०० दिवसांत काय करायचं याचा आराखडा त्यात आहे आणि आरोग्य आणीबाणीसाठी वेगळा कायदाही सुचवला आहे. चांगला अहवाल आहे. वाचताना मला एकच प्रश्न पडला: त्या शंभरातला पहिला दिवस कोणता, हे कोण ओळखणार? प्रयोगशाळेत नमुना पोचण्याआधी तो दिवस कुठल्या तरी वॉर्डात, कुठल्या तरी तालुक्यात एका ट्रेमध्ये दिसलेला असतो. नेहमीपेक्षा दहा कागद जास्त. तिथल्या बाईनं ते कोणाला सांगायचं, हे आजही कुठे लिहिलेलं नाही. मी एप्रिल २०२१ मध्ये साहेबांना सांगितलं, साहेबांनी वर सांगितलं असेल. त्यापुढे रस्ता नव्हता.

तो रस्ता तुम्ही बांधा. देशातल्या प्रत्येक शहराचा आणि जिल्ह्याचा आठवड्याचा एकूण मृत्यूंचा आकडा, कारण कळलेलं असो वा नसो, वय आणि लिंगासह, ठरल्या वारी जाहीर होऊ द्या. त्यावर मंत्री, सचिव, आयुक्त कोणाचीही मंजुरी लागू नये, असं कायद्यातच लिहा. आकडा कच्चा असेल, पुढच्या आठवड्यात दुरुस्त होईल, लोकांना ते समजतं. तो आकडा राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे त्याच दिवशी जाऊ द्या आणि वाढ दिसली तर दोन दिवसांत माणूस त्या वॉर्डात पोचू द्या. नोंदणी गृह मंत्रालयाकडे राहिली तरी हरकत नाही, पण तुमच्या मंत्रालयाला त्यासाठी चार वर्षं थांबावं लागू नये. १८९७ चा कायदा आता रद्द करा. त्याच्या जागी जो येईल त्यात लोकांवर जेवढी बंधनं असतील तेवढीच सरकारवरही असू द्या: मोजण्याचं, सांगण्याचं, आणि चूक सापडली तर दुरुस्त करण्याचं बंधन. दादाची ओळ दुरुस्त करायला वहिनीला चपला झिजवाव्या लागू नयेत, समितीचा निर्णय झाला की ती आपोआप बदलावी.

आणि माणसं कायमची ठेवा. तमिळनाडूनं १९३९ मध्ये, तेव्हाच्या मद्रास प्रांतात, सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा केला. उपचार करणारे डॉक्टर वेगळे आणि सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी वेगळे, ही परंपरा त्यांनी टिकवली. तुमच्या मंत्रालयानं २०२२ मध्ये राज्यांना अशाच वेगळ्या केडरच्या, म्हणजे कायम नोकरवर्गाच्या, सूचना पाठवल्या. सूचना पाठवून थांबू नका, त्या पदांचे पैसे द्या. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करायचं ठरलं होतं, २०२१-२२ मध्ये, साथीच्या ऐन वर्षी, तो १.८४ टक्के होता. त्या केडरच्या शेवटच्या पायरीवर आरोग्य सेविकेला घ्या. मानधनावरची बाई म्हणून नको, पगारी कर्मचारी म्हणून. तिची वही सरकारी दफ्तर समजा.

डॉक्टरांसाठीही एक मागते. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये प्रत्येक मुलाला पंधरा दिवस मृत्यू-नोंदणीच्या खिडकीवर बसवा. त्या खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या की पुढे काय होतं, ते त्याला तिथे डोळ्यांनी दिसेल. दादाच्या कागदावर सही करणारा तो पोरगा वाईट नव्हता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्या दिवशी त्याला झोपही मिळाली नव्हती.

मला तुमच्याकडून पत्राची पोच नको. मुंबईत तुमच्या खात्याची एखादी बैठक या विषयावर झाली तर मला बोलवा. मी जुन्या वह्या कशा वाचायच्या, ४ अ चा ट्रे कधी घाबरवतो, ‘वार्धक्य’ लिहिलेला कागद कसा ओळखायचा, हे सगळं सांगू शकते. चाळीतल्या त्या सेविकेलाही घेऊन येईन. वही तिनं आणायचं कबूल केलं आहे.

आपली,
एक निवृत्त नोंदणी कारकून
लालबाग, मुंबई

सोबत: दादाच्या नमुना ४ च्या मोबाइल फोटोची प्रिंट. नाव, पत्ता आणि सही पट्टीनं झाकली आहे. भाग १ मधल्या खालच्या दोन ओळी कोऱ्या आहेत, त्या झाकलेल्या नाहीत.